एकशे अठराव्या चौकोनावरचा चुना

गावित मामा,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी काय विचारलं ते सांगते. मी विचारलं, कोणी सांगितलं? फोनवर आपल्या कॉलेजचा शिपाई होता. म्हणाला, हरसूलहून निरोप आलाय. मी म्हटलं, हरसूलकडे गावित आडनावाची घरं ढिगानं आहेत, आपल्या लॅबचेच गावित कशावरून? तो बिचारा गडबडला. थांबा बाई, परत विचारून सांगतो, म्हणाला. दहा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला आणि मग मी खुर्चीत बसले. ती दहा मिनिटं तुम्ही माझ्यापुरते जिवंत होतात. माझ्या संशयी स्वभावाचा तुम्हाला कधी फायदा झाला असेल तर तो तेवढाच.

एरवी तोटाच झाला. तेरा वर्षं आपण एका लॅबमध्ये काढली. मी रसायनशास्त्र शिकवायची, तुम्ही प्रयोगशाळा सहायक. मुलं तुम्हाला मामा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले, वयानं तुम्ही सात-आठ वर्षांनीच मोठे असलात तरी. मी ब्युरेट धुतलं का म्हणून विचारायचे, तुम्ही धुतलं म्हणायचात आणि मी उजेडात धरून बघायचे. तुम्हाला राग यायचा नाही. तुम्ही फक्त बाजूला सरून मला खिडकीजवळ जागा करून द्यायचात. त्या जागा करून देण्याचीच मला आता जास्त लाज वाटते.

मी लॅबमध्ये आले त्याच वर्षी तुम्ही मूलद्रव्यांचा तक्ता भिंतीवर रंगवला होता. छापील तक्ता वाळवीनं खाल्ला, नवा येईना, तेव्हा तुम्ही प्राचार्यांना म्हणालात, भिंत द्या. नोकरी लागण्याआधी तुम्ही इथल्या द्वारका चौकात ट्रकांवर अक्षरं रंगवायचात, हे मला तो तक्ता बघून कळलं. हायड्रोजनपासून प्रत्येक अक्षराला खाली उजवीकडे लाल सावली. सोनं आणि चांदी तर अशी काही रंगवली होती की त्यांच्याखाली ‘पुन्हा भेटू’ लिहायचंच तेवढं राहिलं होतं. मी नाक मुरडलं. मग संध्याकाळी मुलं गेल्यावर पुस्तक घेऊन एकेक चौकोन तपासला. चूक सापडली नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण मी विचार करत राहिले की दहावी नापास माणसाला हे कोणी तपासून दिलं असेल.

निसर्गात न सापडणाऱ्या, माणसानं बनवलेल्या मूलद्रव्यांना तुम्ही हिरवी कडा दिली होती. त्रेचाळीस नंबरला एक, एकसष्टला एक आणि मग ब्याण्णवच्या पुढे सगळीकडे हिरवंच हिरवं, एकशे नऊपर्यंत. त्यापुढचे चौकोन पेन्सिलीनं आखून मोकळे सोडले होते. तुम्ही एकदा मला विचारलंत, बाई, माणसानं बनवलं म्हणजे नेमकं काय केलं? मी म्हटलं, बेरीज केली. तुम्हाला वाटलं मी टाळतेय. पण खरंच ती बेरीज असते, आणि ती समजावून सांगितली तो दिवस आपल्या चांगल्या दिवसांपैकी होता.

प्रत्येक मूलद्रव्याचा नंबर म्हणजे त्याच्या अणुकेंद्रातले प्रोटॉन. बेचाळीस नंबरच्या मॉलिब्डेनमवर एक प्रोटॉन वाहून नेणारा कण आदळला आणि तो प्रोटॉन आत राहिला, की झालं त्रेचाळीस. मोठं हवं असेल तर मोठं केंद्रच उचलून दुसऱ्यावर फेकायचं. अडचण अशी की दोन्ही केंद्रं एकाच जातीच्या विद्युतभाराची, एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. हळू फेकलं तर वाटेतून परत फिरतं. जोरात फेकलं तर दोघांचे तुकडे होतात. मधला एक वेग असतो, प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, तेवढाच चालतो. आणि नेम धरता येत नाही. पातळ पत्रा चाकावर बसवून फिरवत ठेवायचा, म्हणजे तो वितळणार नाही, आणि त्याच्यावर आठवडेच्या आठवडे मारा करायचा. एका सेकंदात अब्जावधी दगड, आणि महिनाभरात चिकटणार एखादा. तुम्ही म्हणालात, आमच्याकडं पोरं गलोलीनं कैऱ्या पाडतात, त्यांचा हिशेब ह्याच्यापेक्षा बरा हाय.

मग तुम्ही खरा प्रश्न विचारलात. एवढा एकच अणू, तो पण क्षणात मोडतो म्हणता, मग तो झाला होता हे कुणी पाहिलं?

इथे मला माझ्या वडिलांच्या वह्या कामी आल्या. आमचं घर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. गोदावरीवर आलेल्या यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं वह्यांमध्ये, ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात. कोणी नवीन आला आणि म्हणाला मी अमक्याचा नातू, की वडील वही काढत. आजोबांची सही सापडली की हा माणूस खरा. मी तुम्हाला म्हटलं, तिथेही असंच करतात, फक्त उलट दिशेनं. नवा अणू चुंबकांमधून वळवून एका पट्टीवर टाकतात. तिथे तो मोडतो, एक अल्फा कण बाहेर पडतो, नंबर दोननं उतरतो. ते पोर मोडतं, आणखी दोननं उतरतं. असं पिढ्यांमागून पिढ्या. पट्टीच्या त्याच जागेवर, ठरलेल्या वेळांनी आणि ठरलेल्या जोरानं. खालच्या पिढीतला कोणीतरी आधीपासून ओळखीचा निघाला की त्यावरून मूळ पुरुष कोण ते ठरतं. तो स्वतः कोणालाच दिसत नाही. मागे राहिलेल्यांवरूनच तो कळतो.

तुम्ही भिंतीकडे वळलात. मग म्हणालात, म्हणजे ह्यांची पण वही हाय.

वडिलांनी मला दुसरंही एक शिकवलं होतं, ते मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. एकदा देवळ्याकडून आल्याचं सांगणारा एक गृहस्थ घरी बसला होता. बाप, आजा, पणजा, सगळी नावं त्यानं घडाघडा सांगितली, एकही चुकलं नाही. वडिलांनी शांतपणे विचारलं, आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव काय? तो अडखळला. वडिलांनी वही मिटली. तो गेल्यावर मला म्हणाले, खोटा माणूस सरळ रेषा पाठ करून येतो, चुलत्यांची नावं त्याला येत नाहीत. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. तेव्हापासून घडाघडा उत्तर देणारा माणूस समोर आला की माझ्या मनात वही मिटते.

नव्याण्णव साली तुम्ही पेपरचं कात्रण घेऊन आलात. अमेरिकेत एकशे अठरा तयार झालं होतं. शिशावर क्रिप्टॉनचा मारा. ब्याऐंशी अधिक छत्तीस, एकशे अठरा, तुम्ही माझ्यासमोर बोटांवर करून दाखवलंत. तीन अणू सापडले होते आणि तिघांच्या सगळ्या पिढ्या एकाखाली एक. मी कात्रण दोनदा वाचलं आणि मला तो देवळ्याचा गृहस्थ आठवला. खालची एकही पिढी ओळखीची नव्हती. सगळी नावं नवी, कुठल्याच वहीत नसलेली, फक्त कोणा पंडितानं आधी मांडलेल्या गणिताशी अगदी छान जुळणारी. मी म्हटलं, मामा, रंग उघडू नका, थांबा.

तुम्ही रंग आधीच उघडला होता. तक्त्याचा उजवा खालचा कोपरा, शेवटचा चौकोन, सगळ्यात मोठा नंबर त्याचा. हिरवी कडा, काळे आकडे, लाल सावली. खाली वजनाचा आकडा तुम्ही पेन्सिलीनं २९४ लिहिला होतात. शिसं दोनशे आठ, क्रिप्टॉन शहाऐंशी, बेरीज बरोबर होती. पण पेपरात २९३ होतं. मी म्हटलं, जोडताना केंद्र तापतं, एखादा न्यूट्रॉन उडून जातो. तुम्ही म्हणालात, उकळताना शिंतोडा उडतो तसं. मी म्हटलं, तसंच समजा, आणि खोटं लिहायचंच तर निदान पेपरात आहे तसं लिहा. तुम्ही चार खोडून तीन रंगवलात.

आता सुमनचं. हे टाळून चालणार नाही.

सुमन तुमच्या हरसूलकडच्या पाड्यावरची. रोज एसटीनं यायची. तास तीनला संपायचे, तिची गाडी साडेपाचला. ते अडीच तास ती लॅबमध्ये तुमच्याबरोबर नळ्या धुवायची. मला ते दिसायचं. मला वाटायचं, गावची पोरगी आहे, तुम्ही तिला कामाला लावलंय. नंतर वाटलं, तुम्ही तिला परीक्षेतलंही काही सांगत असणार. हे वाटणं कोणत्या दिवशी सुरू झालं ते मला सांगता येत नाही, पण परीक्षेच्या आधीच ते माझ्या मनात तयार होतं, एवढं खरं.

तुम्ही ते कात्रण आणलंत त्याच्या दोन वर्षांनी तिची बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा. प्रत्येकाला एक अनोळखी क्षार, पुडीवर नुसता नंबर. कोणत्या नंबरात काय आहे ती यादी फक्त माझ्याकडे आणि तुमच्याकडे. पुड्या तुम्हीच बांधल्या होत्या. सुमननं वीस मिनिटांत पेपर दिला. झिंक कार्बोनेट. बरोबर होतं. पेपरावर आठ चाचण्या, आठ निरीक्षणं, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मी तिच्या स्टँडपाशी गेले आणि नळ्या मोजल्या. दोनच वापरलेल्या होत्या. बाकीच्या कोरड्या, स्वच्छ. म्हणजे सहा निरीक्षणं तिनं न करता लिहिली होती.

मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, उत्तर कोणी सांगितलं? ती रडायला लागली. मी तिचे अर्धे गुण कापले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली. मग मी तुम्हाला आतल्या खोलीत बोलावलं.

तुम्ही म्हणालात, “बाई, मी नाय सांगितलं.”

मी म्हटलं, मग तिला कसं कळलं?

“ते तिला इचारा.”

मी म्हटलं, विचारलं, ती नुसती रडते.

“तुम्ही इचारलं नाय, बाई. तुम्ही दरडावलं.”

तेरा वर्षांत तुम्ही मला उलट बोललात ते तेवढं एकदाच. मी दुसऱ्या दिवशी सुमनला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. उन्हाळ्यात कळलं की तिचा फार्मसीचा प्रवेश थोडक्यात हुकला आणि तिनं डी.एड.ला नाव घातलं. मी स्वतःशी म्हटलं, शिक्षिका होईल, वाईट काय आहे. असं म्हणण्याइतकी मी दगड होते.

त्याच पावसाळ्यात अमेरिकेतून बातमी आली. तोच प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिला, जमला नाही, मूळच्यांनाही पुन्हा जमला नाही, म्हणून त्यांनी दावा मागे घेतला. मी तुम्हाला कात्रण वाचून दाखवलं आणि म्हटलं, पुसा तो चौकोन. मुलं बघत होती. तुम्ही चुना कालवून आणलात आणि दोन हात मारलेत. एकशे अठरा दिसेनासं झालं. पुढल्या वर्षी कारणही बाहेर आलं. त्यांच्यातल्या एका माणसानं आकडे बनवले होते. मशीननं न पाहिलेल्या गोष्टी त्यानं पाहिल्या म्हणून लिहिल्या होत्या. मी पेपर घेऊन तुमच्याकडे आले. मला आठवतंय, मला आनंद झाला होता. मी म्हटलं, बघा मामा, दोन नळ्या ओल्या आणि आठ निरीक्षणं.

तुम्ही नळ्या धूत होतात. हात न थांबवता म्हणालात, “तिकडं एकानं खोटं लिहिलं म्हणून हिकडच्या पोरीला पण उत्तर येत नव्हतं, असं कसं?”

मला त्या वाक्यात काही अर्थ दिसला नाही. मी तुम्हाला दुसरंच काही सुनावलं. चौकोनावरचा चुना एका कोपऱ्यात पोपडा धरत होता, मी म्हटलं, मामा, तुम्ही चुना पण नीट लावला नाहीत. तुम्ही म्हणालात, बसंल बाई, बसंल. आणि हसलात. ते हसणं मला खटकलं होतं. मी मनात नोंद करून ठेवली, तुम्ही काहीतरी लपवताय.

त्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही निवृत्त झालात, हरसूलला गेलात. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तुमचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारली नाहीत, एकदम म्हणालात, “बाई, एकशे अठरा परत आलं म्हणं पेपरात. आता खरं हाय का?”

मी ती बातमी वाचली होती. या वेळी रशियातली प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली दुसरी, दोघांनी मिळून. कॅल्शियमचा मारा कॅलिफोर्नियमवर. मी तुम्हाला सांगितलं की यातलं कॅलिफोर्नियम तुमच्या हिरव्या कडेतलं, ते स्वतःच माणसानं बनवलेलं, अणुभट्टीत न्यूट्रॉन चारून चारून, तेही मोहरीएवढं. वीस अधिक अठ्ठ्याण्णव. तुम्ही फोनवर बेरीज केलीत, मला ऐकू आली. कित्येक महिन्यांच्या माऱ्यानंतर मोजून तीन अणू. आणि या वेळी खालच्या पिढ्या ओळखीच्या होत्या. एकशे सोळा आणि एकशे चौदा त्यांनी आधी वेगळ्या वाटेनं बनवून पाहिलेले होते, ते जसे मोडायचे तसेच हे मोडले. वडिलांनी विचारला असता तो चुलत्यांचा प्रश्न यांना विचारून झाला होता आणि उत्तर बरोबर आलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, बघू. आणखी कोणी करून दाखवू दे.

तुम्ही म्हणालात, “बाई, तुम्ही कवा बघणार?” आणि पाठीमागून मामींनी हाक मारली म्हणून फोन ठेवलात. आपलं शेवटचं बोलणं तेच. तुम्ही एकशे अठराबद्दल विचारत नव्हतात, हे मला फोन ठेवता ठेवताच कळलं होतं. पण कळल्यावर मी परत फोन केला नाही. दीड वर्ष केला नाही.

तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी मी हरसूलला आले. बसमध्ये माझ्या पर्समध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही ते ओळखलंच असतंत. रुमाल, चष्मा आणि तीन पुड्या. पांढऱ्या भुकटीच्या तीन पुड्या, वर एक, दोन, तीन असे नंबर. मेलेल्या माणसाच्या दारात मी परीक्षा घेऊन आले होते. सुमन तिथल्याच आश्रमशाळेत शिकवते आणि तुमच्या घरी रोज येते, हे मला शिपायाकडून कळलं होतं.

मामी रडल्या, मीही रडले. चहा झाला. सुमन चहा घेऊन आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. अंगानं भरलीये, चष्मा लागलाय. बाई, पाणी देऊ का, म्हणाली. मी म्हटलं, सुमन, त्या दिवशी तुला कसं कळलं होतं? तिला कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही.

ती म्हणाली, “नळ्या धुऊन धुऊन, बाई. झिंकची नळी पाण्यानं निघत नाही. तापवली की आत पिवळी होते आणि गार झाली की परत पांढरी. दोन वर्षं मी सगळ्या वर्गाच्या नळ्या धुतल्या. कोणत्या नळीला काय चिकटून राहतं ते मला डोळे मिटूनही कळायचं. परीक्षेत तापवली, पिवळी झाली. ॲसिड टाकलं, बुडबुडे आले. बाकीचं पुस्तकातलं लिहून टाकलं. सगळेच लिहायचे.”

अगदी घडाघडा सांगितलं तिनं. आणि मामा, माझ्या मनात वही मिटायला लागली. सात वर्षं होती हिच्याकडे उत्तर तयार करायला, असं मला वाटलं. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर वाटलं. मी पर्स उघडली आणि पुड्या तिच्यासमोर ठेवल्या.

मला वाटलं होतं मामी मला हाकलून देतील. सुमननं पुड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन तुमची पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीत स्पिरिटचा दिवा होता आणि कडा फुटलेल्या दहा-बारा नळ्या. आपल्या लॅबमधल्या फुटक्या नळ्या कुठे जायच्या ते मला तेव्हा कळलं. तिनं ओट्यावर दिवा लावला.

पहिली पुडी तापवली. नळीच्या वरच्या गार भागात पांढरं कडं जमलं. अमोनियम क्लोराईड, म्हणाली. बरोबर. दुसरी तापवली. पिवळी, मग गार होताना पांढरी. तिला हसू आलं. मुद्दाम आणलंत का, म्हणाली. तिसरी तापवली. नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले आणि खाली पांढरं राहिलं. तिनं ती गार होऊ दिली, पाणी घातलं, हलवलं, उजेडात धरली. माझ्यासारखीच खिडकीपाशी गेली. बराच वेळ बघत होती. मी मागे उभी होते, आणि मला आपण काय इच्छितोय तेच कळत नव्हतं.

“हे नाही येत मला, बाई,” ती म्हणाली. “मॅग्नेशियम असेल, नाहीतर ॲल्युमिनियम. कोरडं तापवून हे सांगता येत नाही. उगाच एखादं नाव घेऊ कशाला?”

मॅग्नेशियम सल्फेट होतं. आणि कोरडं तापवून ते खरंच सांगता येत नाही, मामा. खोट्यानं तिन्ही सांगितले असते. निदान अंदाज तरी ठोकला असता. तिनं जे हात आणि डोळ्यांनी कमावलं होतं ते जिथे संपत होतं, तिथे ती थांबली.

तुमचं वाक्य मला त्या ओट्यापाशी समजलं. तिनं सहा निरीक्षणं बनवून लिहिली होती, हे खरंच होतं. मी पकडलेली लबाडी खरी होती. पण लिहिलेलं खोटं निघालं म्हणून झिंक खोटं होत नाही. नव्याण्णव सालचे आकडे बनावट होते, आणि एकशे अठरा तरीही होऊ शकत होतं, झालंही. दोन वेगळ्या गोष्टींना मी एकाच दोरीनं बांधलं आणि त्या दोरीनं एका पोरीचं वर्ष आवळलं, आणि तुमच्या माझ्यातलं जे काही होतं तेही.

मी सुमनला म्हटलं, माझं चुकलं. हे मी मोठ्यानं म्हटलं, मामींना ऐकू जाईल असं. तिनं दिवा विझवला, नळ्या बादलीत घातल्या आणि हातानंच धुवायला लागली. मग म्हणाली, “मामांना सांगायला पाहिजे होतं, बाई.”

म्हणून हे लिहितेय. तुम्ही त्या दिवशी तिला काही सांगितलं नव्हतंत. तुम्ही मला खरं सांगितलं होतंत आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. तेरा वर्षं रोज समोर दिसलेल्या माणसावर ठेवला नाही. क्षमा मागायची तर ती ऐकायला तुम्ही हवे होतात. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरगी पुरेशी नाही, पण तिच्यावरूनच तुम्ही काय होतात ते मला कळलं.

अजून एक राहिलंय.

सोमवारी मी लॅबमध्ये लवकर गेले. तक्त्याची भिंत सोडून बाकी लॅबला परवा नवा रंग दिलाय. स्टुलावर चढले. शेवटच्या चौकोनावर तुमचा चुना तसाच होता, पोपडे धरलेला, मी ज्याला नावं ठेवली तो. पुन्हा रंगवायचं तर खालचा चुना काढावा म्हणून ओलं फडकं घेतलं आणि जरा घासलं. दोनदा हात फिरवल्यावर सगळा चुना माझ्या मनगटावरून खाली ओघळला आणि आत तुमचं एकशे अठरा जसंच्या तसं होतं. हिरवी कडा, काळे आकडे, लाल सावली. एक ओरखडा नाही.

मी स्टुलावर तशीच उभी राहिले. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, हे मला माहीत नव्हतं. पण द्वारकेला ट्रक रंगवलेल्या माणसाला ते माहीत नसेल, हे मी मान्य करणार नाही. पुसायचंच असतं तर तुमच्याकडे ऑइल पेंटचा पांढरा डबा होता, त्याच कपाटात, मी स्वतः पाहिला होता. तुम्ही चुना लावलात. बसंल बाई, बसंल म्हणालात आणि हसलात. मला तेव्हा संशय आला होता की तुम्ही काहीतरी लपवताय. मामा, तुमच्याबद्दलचा माझा तेवढा एक संशय बरोबर निघाला.

फक्त खालचा आकडा २९३ आहे. नवं जे सापडलंय त्याचं वजन २९४, तुम्ही पेन्सिलीनं पहिल्यांदा लिहिलंत तेच. तीनचा चार करायला मी काळा रंग आणलाय. माझा हात तुमच्यासारखा नाही, सावली काढता येणार नाही. पण तो चार तिच्यासमोरच रंगवायचा म्हणून सुमनला कळवलंय. शनिवारी शाळा सुटली की ती साडेपाचच्या आत पोचेल असं म्हणाली, आणि आली नाही तर, मी तिला आधीच सांगून ठेवलंय, मी थांबेन.